पाच वाघिणींचं यार्ड: छोटा औद्योगिक रेल्वे लेआउट बांधणं आणि त्यावर गंज, धूळ, तेल चढवणं

मॉडेल रेल्वेत मोठं स्टेशन सव्वा मीटरच्या फळीवर बसवायला गेलं की ते कोंबल्यासारखं दिसतं. कारखान्याच्या साइडिंगचं, म्हणजे माल चढवा-उतरवायच्या बाजूच्या रुळाचं, तसं होत नाही. खऱ्या छोट्या कारखान्यातही गाडी चार-पाच वाघिणींचीच असते, इंजिन आखूड असतं, भिंती रुळांना खेटून असतात आणि वेग माणसाच्या चालीइतका असतो. त्यामुळे छोट्या जागेत जवळजवळ काहीही आखडून न घेता उभा राहतो असा हा विषय आहे. मात्र इथे प्रत्येक गोष्ट डोळ्यांपासून हातभर अंतरावर येते. आडवातिडवा फासलेला गंज मोठ्या लेआउटवर खपून जातो, इथे खपत नाही. म्हणून एक नियम सुरुवातीपासून पाळा: जो डाग कुठून आला हे सांगता येत नाही, तो लावायचा नाही.

खालची सगळी मापं एचओ स्केलची, म्हणजे १:८७ आणि १६.५ मिमी गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) आहेत.

आराखडा

एवढ्या जागेसाठी ब्रिटिश मॉडेलकार ॲलन राइट यांचा ‘इंगलनूक साइडिंग्ज’ हा आराखडा जगभर वापरला जातो, आणि पहिल्या लेआउटला त्यात बदल न करणंच बरं. दोन सांधे (एका रुळाच्या दोन वाटा होतात त्या जागा), तीन साइडिंग. एका साइडिंगमध्ये पाच वाघिणी मावतात, उरलेल्या दोन्हींत तीन-तीन, आणि अलीकडच्या शंटिंग नेकमध्ये (गाडी मागेपुढे करायच्या रुळाच्या तुकड्यात) इंजिन अधिक तीन वाघिणी. लेआउटवर एकूण आठ वाघिणी ठेवायच्या. चिठ्ठ्या टाकून त्यांतल्या पाच काढायच्या आणि निघाल्या त्याच क्रमाने त्यांची गाडी लावायची. आठांतून पाच क्रमवार निवडण्याचे ६,७२० प्रकार होतात, त्यामुळे खेळ लवकर शिळा होत नाही.

हा सगळा खेळ मापांवर उभा आहे. शंटिंग नेकमध्ये चौथी वाघीण मावली की कोडं सैल पडतं. तिसरी वाघीण थोडीशी जरी सांध्याच्या पात्यांवर राहिली, तर सांधा बदलताच येत नाही आणि कोडं सुटत नाही. म्हणून आधी इंजिन आणि वाघिणी घ्या, जोडून टेबलावर उभ्या करा, मोजा, आणि मगच रूळ कापा.

समजा दोन आसांची वाघीण कपलिंगसह ८५ मिमी आणि शंटर, म्हणजे वाघिणी हलवणारं छोटं इंजिन, १३० मिमी आहे. मग नेक १३० + २५५ = ३८५, म्हणजे ३९० मिमी धरा. छोट्या त्रिज्येचा सांधा सुमारे १८५ मिमी लांब असतो. सांधा संपला म्हणजे शेजारची वाघीण लगेच सुरक्षित झाली असं नाही. दोन रूळमार्गांच्या मध्यरेषांत ५० मिमी अंतर पडेपर्यंत आणखी साधारण १२० मिमी लागतात, आणि पहिला आराखडा नेमका इथेच चुकतो. लांब साइडिंगचा हिशोब असा: ३९० + १८५ + १२० + ४२५, शिवाय बफर स्टॉपला (रुळाच्या टोकाच्या अडसराला) ४०, म्हणजे ११६०. दुसऱ्या सांध्यावरून जाणाऱ्या आखूड साइडिंगचा: ३९० + १८५ + १८५ + १२० + २५५ + ४० = ११७५. त्यामुळे १२०० × ३०० मिमीची फळी पुरते. वाघिणी १०० मिमीच्या असतील तर हीच बेरीज पुन्हा करा, फळीला बसवायला म्हणून वाघीण कमी करू नका.

फळी, रूळ आणि वीज

वर ९ मिमी प्लायवूड, खाली १२ मिमी प्लायच्या ७० मिमी खोल पट्ट्यांची चौकट, मध्ये दोन आडव्या पट्ट्या. या पट्ट्या सांध्यांच्या बरोबर खाली येऊ देऊ नका, तिथे स्विच बसवायचा आहे. प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि कडांना व्हार्निशचा हात द्या. एकाच बाजूला दिलात तर दुसरी बाजू दमट हवेत ओलावा ओढते आणि फळी बाक धरते. फोमची फळी वापरणार असाल तर स्प्रे पेंट आणि सुपरग्लू तिच्यापासून लांब ठेवा. दोन्हींनी फोम विरघळतो.

कोड ८३ चा रूळ २.१ मिमी उंच असतो आणि कोड ७५ चा १.९ मिमी. औद्योगिक साइडिंगला यांतला कोणताही शोभतो; कोड १०० चा रूळ इथे जाडजूड दिसतो. सांधे घेताना फ्रॉग (दोन वाटांचे रूळ एकमेकांना छेदतात तो तुकडा) विद्युतवाहक असलेलेच घ्या. शंटरच्या पहिल्या आणि शेवटच्या चाकांतलं अंतर इतकं कमी असतं की प्लॅस्टिकच्या फ्रॉगवर ते नेमकं अडकतं, आणि या लेआउटवर इंजिन सतत सांध्यावरच असतं.

फ्रॉगला वीज देण्याची सगळ्यांत भरवशाची पद्धत साधी आहे. फळीखाली दुहेरी स्लाइड स्विच बसवा. त्याच्या दांड्यात ०.८ मिमीची पियानो वायर उभी करून ती सांध्याच्या टाय-बारपर्यंत (दोन्ही पाती जोडणाऱ्या पट्टीपर्यंत) वर आणा. स्विच सरकला की पाती सरकतात आणि त्याच हालचालीत फ्रॉगची बाजूही बदलते. स्विचची हालचाल ४-५ मिमी असते, पात्यांना मात्र २ मिमीच्या आसपासच लागते. उरलेला फरक वायरच्या लवचिकपणाने भरून निघतो. त्यापेक्षा जाड वायर घातली तर टाय-बार तुटतो. फ्रॉगमधून निघणाऱ्या दोन्ही आतल्या रुळांना प्लॅस्टिकचे जॉइनर (दोन रूळ जोडणारे तुकडे) लावायला विसरू नका. ते राहिले की सांधा बदलताच शॉर्ट होतो.

रुळाच्या प्रत्येक तुकड्याला स्वतःची वायर द्या. धातूचा जॉइनर रूळ सरळ रेषेत धरतो, पण रंग आणि गोंद आत शिरला की सहा महिन्यांत वीज सोडून देतो. खालून १ चौरस मिमीची मुख्य जोडी आणि वर ०.२ चौरस मिमीच्या वायर पुरतात. सोल्डर करताना रूळ आणि वायर दोन्हींवर आधी थोडं टिन चढवा, शेजारी दोन्हीकडे ओला कापूस ठेवा आणि दोन-तीन सेकंदांत उरका. जास्त वेळ टेकवलं की स्लीपर वितळतो, गेज आवळतं, आणि नंतर त्याच जागी इंजिन का उडतं हे कळत नाही.

आता थांबा. खडी, सिमेंट, रंग यांतलं काहीही करण्यापूर्वी इंजिन सगळ्यांत कमी वेगात अर्धा तास चालवा. पाच वाघिणी सांध्यांवरून ढकला, नुसत्या ओढू नका. दोष ढकलतानाच उघडे पडतात. वाघीण रुळावरून उतरली तर तिच्या चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर मोजा, ते १४.४ मिमीच्या जवळपास हवं. मग वजन बघा. अमेरिकेच्या एनएमआरए या मॉडेल रेल्वे संघटनेच्या शिफारशीप्रमाणे एचओ वाघिणीला २८ ग्रॅम आणि वर दर २५ मिमी लांबीमागे १४ ग्रॅम, म्हणजे ८५ मिमीच्या वाघिणीला साधारण ७५ ग्रॅम. इंजिन फार छोटं असेल तर सगळ्या वाघिणी सारख्याच प्रमाणात हलक्या ठेवा. एक जड, एक हलकी अशी गाडी ढकलताना मधली वाघीण उचलली जाते.

सिमेंटमध्ये बसवलेले रूळ

कारखान्याचं आवार म्हटलं की सिमेंटच्या पातळीत बुडालेले रूळ डोळ्यांसमोर येतात, आणि सगळ्यांत जास्त लेआउट बिघडतात तेही इथेच. आधी रुळांच्या बाजू गंजाच्या तपकिरी रंगाने रंगवून घ्या, नंतर ब्रश आत जात नाही. मग दोन रुळांमध्ये स्टायरीनची (प्लॅस्टिक शीटची) पट्टी बसवा. तिची रुंदी १३.५ मिमी. हा आकडा असा येतो: चाकांच्या आतल्या बाजूंमध्ये १४.४ मिमी मोकळे असतात, त्यामुळे पट्टी त्याहून अरुंद असलीच पाहिजे, १३.५ ला दोन्हीकडे जेमतेम अर्धा मिलिमीटर मोकळा राहतो. वळणावर १३ मिमी ठेवा. कोड ८३ साठी १.५ आणि ०.२५ मिमीच्या दोन शीट एकावर एक चिकटवल्या की पट्टी रुळाच्या माथ्यापेक्षा सुमारे ०.३ मिमी खाली राहते. ही ०.३ मिमीची खोली महत्त्वाची आहे. पट्टी माथ्याच्या पातळीत आली की रूळ पुसताना तिचाच रंग खरवडला जातो, आणि वर आली तर इंजिनाच्या तळाचा गिअरबॉक्स तिच्यावर घासतो.

बाहेरच्या बाजूला हवेत वाळणारी माती किंवा बारीक प्लास्टर चालतं, तेही माथ्यापेक्षा थोडं खाली. माती वाळताना आकसते आणि तडे जातात. ते तडे बुजवू नका, खऱ्या आवारातही ते असतात. फक्त रुळाच्या कडेने पडलेली सलग फट तेवढी भरून घ्या. सांध्याच्या पात्यांजवळ प्लास्टर अजिबात नको. तिथे स्टायरीनची सुटी झाकणं कापून बसवा, म्हणजे दुरुस्तीला काढता येतात. प्लास्टर घासायचं तर ओल्या स्पंजने. कोरडी पूड सांध्यात आणि पुढे इंजिनाच्या दातऱ्यांत जाते. काम संपल्यावर एक वाघीण हाताने सगळ्या रुळांवरून फिरवा. कुठे कचकन आवाज आला तर तिथे चाकाची कड पट्टीला लागते आहे.

ज्या साइडिंगवर सिमेंट नाही तिथे स्वच्छ करडी खडी घालू नका. कारखान्याच्या रुळांखाली राख, कोळशाची भुकटी, माती आणि सांडलेला माल असतो, स्लीपर अर्धे बुडालेले असतात. वाळवून बारीक चाळलेली माती उत्तम, पण तिच्यातून आधी लोहचुंबक दोन-तीनदा फिरवा. लोहाचे कण राहिले तर मोटारीचं चुंबक ते ओढून घेतं आणि इंजिन मरतं. रुळावर स्टील वूल वापरायचं नाही तेही याच कारणाने. माती पसरल्यावर ड्रॉपरने आयसोप्रोपिल अल्कोहोल सोडा, मग पांढरा गोंद आणि पाणी समप्रमाणात, त्यात भांडी धुण्याच्या साबणाचा एक थेंब. अल्कोहोल न सोडता गोंद टाकला की त्याचे गोळे होतात आणि माती वाहून खड्डे पडतात. एक रात्र वाळू द्या.

इमारती

मागच्या कडेला पूर्ण इमारतीला जागा नाही आणि तिची गरजही नाही. ४० ते ६० मिमी खोलीची अर्धी इमारत पुरते, फक्त छताचा थोडा उतार दिसला पाहिजे, नाहीतर नुसती भिंत उभी केल्यासारखी वाटते. मालधक्क्याची उंची रुळाच्या माथ्यापासून १३ मिमी. त्याची कड मध्यरेषेपासून किती लांब ठेवायची? तुमच्या सगळ्यांत रुंद वाघिणीची अर्धी रुंदी आणि वर २ मिमी.

पन्हळी पत्रा सगळं दृश्य बदलून टाकतो. एका तुकड्यात कापलेली मोठी शीट खोटी दिसते. खरा पत्रा लहान लांबीत येतो आणि एकमेकांवर चढवलेला असतो. म्हणून २८ × ८ मिमीचे सुटे पत्रे कापा, खालच्या ओळीपासून वर जा, प्रत्येक पत्रा शेजारच्यावर एक-दीड पन्हळ चढवा. तीस-चाळीस पत्र्यांत तीन-चार जरा वेगळ्या छटेचे ठेवा, एखाद्याचा कोपरा उचलून ठेवा.

गंज, धूळ, तेल

इथे घाई करू नका, आणि लेआउटवर जो दिवा असेल त्याच दिव्याखाली रंगवा. उन्हात बरोबर वाटलेला गंज खोलीतल्या प्रकाशात काळा दिसतो.

भिंतीपासून सुरुवात करा आणि पाण्याचा माग काढा. पाऊस छतावरून पन्हाळीत येतो, पन्हाळ जिथे फुटली तिथून भिंतीवर ओघळतो. त्या रेषेत वर गडद, खाली फिकट हिरवट ओल. जमिनीलगत १० मिमीच्या पट्ट्यात विटा गडद, त्यांच्या वरच्या कडेला क्षाराची पुसट पांढरी झाक. वळचणीखालची भिंत मात्र कोरडी राहते. तिथे पाऊस पोचत नाही म्हणून काजळी धुतली जात नाही, ती गडदच ठेवायची. एवढं केलं की भिंत जुनी दिसते, बाकी काही नको.

सिमेंटचं आवार काळं करू नका. पाया कोमट, पिवळसर करडा. त्यावर तपकिरी वॉश, म्हणजे खूप पातळ केलेला रंग, तड्यांत सोडा. तेलाचे डाग इंजिन जिथे थांबतं तिथेच, रुळांच्या मधोमध. ट्रकच्या चाकांच्या वाटा फिकट, माल उतरतो तिथे त्याच मालाची पूड. गवत जिथे चाक आणि पाय पडत नाही तिथे उगवतं: भिंतीच्या पायथ्याशी, बफर स्टॉपच्या मागे, सांध्याच्या लिव्हरभोवती. २ आणि ४ मिमी उंचीचे पुंजके मिसळून लावा.

आता एक उघडी वाघीण हातात घ्या. तिला कोमट साबणपाण्याने धुवून वाळवा, कपलिंग आणि चाकं काढून ठेवा, मॅट व्हार्निशचा एक हात द्या. चकचकीत प्लॅस्टिकवर वॉश धरत नाही. ते थेंबांत गोळा होतं आणि वाळल्यावर कडेला गोल वळं उमटतं. मूळ रंगात थोडा फिकट करडा घालून खूप पातळ हात द्या, म्हणजे ऊन खाल्लेला रंग येईल आणि अक्षरंही त्याखाली दबतील.

मग गडद तपकिरी तैलरंग, व्हाइट स्पिरिटमध्ये (तैलरंग पातळ करायच्या द्रवात) एकास दहा. टोकदार ब्रशने तो फक्त पत्र्यांच्या जोडांत, खिळ्यांभोवती आणि दाराच्या बिजागरीखाली टेकवा, तो आपणहून रेघेत धावतो. दहा-पंधरा मिनिटांनी चपटा ब्रश स्पिरिटमध्ये बुडवून जवळपास कोरडा पुसा आणि वरून खाली, फक्त वरून खाली, ओढा. आडवा हात एकदा जरी फिरला तरी पाऊस बाजूने पडल्यासारखं दिसतं. तैलरंगाला किमान २४ तास द्या. दमट हवेत ४८.

रंग उडालेले भाग स्पंजच्या तुकड्याने. स्पंज गडद तपकिरी रंगात बुडवा, कागदावर टिपून जवळजवळ कोरडा करा आणि कडांवर हलके टेकवा. चंदेरी रंग वापरू नका. उडालेल्या रंगाखाली उघडं लोखंड फार दिवस चकाकत राहत नाही, ते गंजतंच. प्रत्येक मोठ्या डागाच्या आतल्या भागात गडद, कडेला नारिंगी: जुना गंज काळपट असतो, नवा नारिंगी. खालच्या कडेवरून एक बारीक ओघळ उतरवा. असे ओघळ एका बाजूला तीन-चार पुरेत.

या वाघिणीचं दार जवळून पाहा. बाहेरून रंग शाबूत, पण दाराच्या खालच्या कडेला, जिथे फावडं आणि माल घासतो, तिथे तो संपलेला. बिजागरीखाली दोन गडद ओघळ. कडीभोवती हाताने गुळगुळीत झालेला, किंचित चकाकणारा लहानसा भाग. तिथे पेन्सिलचं शिसं बोटाने चोळा. आणि आत बघितलं तर बाहेरच्यापेक्षा कितीतरी जास्त झीज. भंगार वाहणाऱ्या वाघिणीच्या आत रंग जवळपास नसतोच: तळ गंजलेला, बाजूंवर तिरके ओरखडे. आतली बाजू कारखान्यातून आली तशीच ठेवलेली वाघीण बाहेरून कितीही छान रंगवली तरी फसते.

चेसीसला आवाराच्या रंगाची धूळ द्या, मातीचा जो रंग रुळांखाली वापरला त्याच रंगाची. गाडी आणि जागा एकाच जगातल्या वाटतात त्या यामुळेच. पिगमेंट पावडर मऊ ब्रशने लावा, कोपऱ्यात साचू द्या, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या एका थेंबाने बसवा. व्हार्निशचा हात दिला की पावडर बरीचशी दिसेनाशी होते, म्हणून ज्या वाघिणी हाताळणार आहात, म्हणजे ज्यांना व्हार्निश द्यावंच लागेल, त्यांवर पावडर थोडी जास्तच लावा. आणि सॉल्व्हंटवाल्या मॅट व्हार्निशवर थेट अल्कोहोल गेलं तर पांढरी बुरशीसारखी झाक येते. एकाच वाघिणीवर हे दोन्ही वापरण्याआधी भंगार तुकड्यावर करून बघा. पावडर हवेत उडते, मास्क लावा.

चाकांच्या बाहेरच्या तोंडाला तपकिरी रंग. चाकाची रुळाला टेकणारी कड आणि आसाची टोकं मात्र कोरी हवीत. टोकावर रंग गेला की वाघीण गडगडत नाही, घसटत जाते.

इंजिनाचं वेदरिंग (गंज, धूळ, झीज दाखवणारं रंगकाम) वाघिणीहून कमी ठेवा, पण त्यावर माणसाच्या खुणा जास्त असाव्यात. पायऱ्यांच्या कडा झिजून चकाकणाऱ्या, हँडरेल हाताने गुळगुळीत झालेले, धुराड्यामागे छतावर काजळी, इंधन भरण्याच्या तोंडाखाली एक ओला, किंचित चमकदार ओघळ. काच मास्किंग टेपने झाका आणि टेप वायपरच्या कमानीच्या आकारात कापा. काढल्यावर पुसलेली काच आपोआप दिसते. चाकं आणि दांडे रंगवताना इंजिन चालू ठेवा, म्हणजे वायरीने वीज देऊन चाकं फिरत असताना एअरब्रशचा हलका हात मारा. थांबलेल्या इंजिनावर रंग मारला तर दांड्यामागे त्याच आकाराचा कोरा डाग राहतो आणि चाक फिरलं की तो उघडा पडतो.

शेवटचे हात

रंगकाम संपलं की सगळ्या रुळांचे माथे आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसा. पॉलिश पेपर नको, त्याच्या ओरखड्यांत घाण पुन्हा बसते. पडीक साइडिंग गंजलेली दाखवायची असेल तर माथ्याच्या बाहेरच्या कडेला बारीक तपकिरी रेघ ओढा, आतली बाजू उघडी ठेवा. वीज तिथून मिळते आणि डोळ्याला रूळ जुना वाटतो. डबकं करायचं असेल तर चकचकीत व्हार्निश अर्ध्या मिलिमीटरपेक्षा जाड ओतू नका, एका वेळी पातळ थर, आणि त्याआधी खड्ड्याचा तळ गडद करून घ्या.

मग आठ वाघिणी जागेवर लावा, चिठ्ठ्या काढा आणि पहिली गाडी जुळवा. ढकलताना कुठे इंजिन अडखळलं तर ती जागा पेन्सिलने खूण करा. बहुतेक वेळा तिथे रुळाच्या आतल्या कोपऱ्यात गोंदाचा किंवा रंगाचा वाळलेला कण असतो, दातकोरणीने निघतो.